अंथरुणाचा हिशेब

उन्हाळ्याची सुटी लागली की महाराष्ट्रातील गावोगावी जुन्या शाळासोबत्यांच्या स्नेहमेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका बाकावर बसून दहावीची परीक्षा दिलेली मंडळी एकत्र येतात, निवृत्त शिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात, जुन्या खोड्यांची उजळणी होते. या मेळाव्यांत खरा जिव्हाळा असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वर्गणीचा आकडा ठरतो तेव्हा काही जण गप्प बसतात आणि ऐनवेळी ‘घरी अडचण आहे’ असे कळवून मोकळे होतात. जे जातात, त्यांतील अनेकांच्या घरी त्या रात्री एक निराळाच हिशेब सुरू होतो. कोणाची मोटार कोणती, कोणाचा मुलगा परदेशी शिकतो, कोणी पुण्यात दुसरा फ्लॅट घेतला. ‘तो तर गणितात कच्चा होता,’ असे नवरा म्हणतो. ‘त्याच्या बायकोला नोकरीसुद्धा करावी लागत नाही,’ असे बायको म्हणते. मग दोघेही गप्प होतात. त्या शांततेत मुलेही काय समजायचे ते समजून घेतात.

सुस्थितीतील मित्राच्या घराशी आपल्या घराची तुलना करणे हा मनुष्यस्वभाव आहे, असे म्हणून या गोष्टीची बोळवण केली जाते. ती घरातली, खासगी बाब मानली जाते. तिच्याविषयी बोलणे हलकेपणाचे समजले जाते. वस्तुतः या मूक तुलनेचे परिणाम मुळीच खासगी राहत नाहीत. तिच्यापायी कर्जे निघतात, लग्नात जमिनीचे तुकडे विकले जातात, मुलांवर न झेपणारे अभ्यासक्रम लादले जातात आणि उमेदीची माणसे सार्वजनिक कामातून मुकाट्याने बाजूला होतात. ज्या गोष्टीचे सामाजिक परिणाम एवढे मोठे, तिच्याकडे राजकीय कार्यकर्त्याने काणाडोळा करणे योग्य नव्हे.

अशा वेळी समाज दोन सल्ले देतो. पहिला सल्ला समाधानाचा: अंथरूण पाहून पाय पसरावेत, दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये. दुसरा सल्ला बाजाराचा: मित्राकडे आहे ते हप्त्यावर आजच घरी आणता येते, मग मागे का राहावे? पहिला सल्ला विरक्तीचा आणि दुसरा हव्यासाचा, म्हणून ते परस्परविरोधी वाटतात. परंतु मित्राकडे ते आले कुठून आणि याच्याकडे का आले नाही, हा प्रश्न दोन्ही सल्ले विचारूच देत नाहीत. तुलना करणे हा दोष नसून ती अर्धी सोडणे हा दोष आहे. ती शेवटपर्यंत नेली तर मनातल्या खंतीचे रूपांतर सार्वजनिक प्रश्नात होते.

तुलना अर्धी राहते याचे पहिले कारण असे की मित्राचा खर्च दिसतो, त्याची हिशेबाची वही दिसत नाही. दारातली मोटार दिसते. तिच्यावरचा बँकेचा बोजा दिसत नाही. लग्नातला मांडव दिसतो. त्यासाठी सोसायटीत आणि सोनाराकडे काय गहाण पडले ते दिसत नाही. थॉर्स्टिन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ सालीच दाखवून दिले होते की संपत्ती नुसती असून भागत नाही, ती इतरांना दिसावी यासाठीही खर्च केला जातो. पूर्वी हे प्रदर्शन लग्नकार्यापुरते आणि सणावारापुरते होते. आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ते बारा महिने चोवीस तास भरलेले असते. भारतीय कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत, म्हणजे ठेवी, विमा आदींतून कर्जे वजा जाता उरणारी शिल्लक, २०२२-२३ साली देशांतर्गत उत्पादनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली. अनेक दशकांतील हा नीचांक होता. यातील काही कर्जे घरासाठी, म्हणजे कायमच्या मालमत्तेसाठी होती हे खरे. तरीही झगमगत्या घरांपैकी पुष्कळ घरे आतून पोखरलेली असतात, एवढे ध्यानात ठेवूनच तुलनेला बसावे.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे हेही स्वतःची फसवणूक करून घेणे होईल. मित्र कर्जबाजारी असेल या कल्पनेने मिळणारा दिलासा खोटा असतो. कित्येक मित्र खरोखरच सधन असतात, आणि म्हणून पुढचा प्रश्न विचारावा लागतो: ही सधनता आली कुठून?

उदाहरणादाखल एकाच कचेरीत, एकाच दिवशी, एकाच पगारावर लागलेले दोन कारकून घ्यावेत. एकाला वडिलांचे शहरातले घर आहे. दुसरा खेड्यातून आलेला. त्याने तीस लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीवर काढून उपनगरात दोन खोल्या घेतल्या. त्याचा महिन्याचा हप्ता सुमारे सत्तावीस हजार रुपये पडतो. वीस वर्षांत तो जवळजवळ पासष्ट लाख रुपये भरतो. त्यांतील सुमारे पस्तीस लाख नुसते व्याज असते. पहिल्या कारकुनाने तेवढेच सत्तावीस हजार दरमहा सात टक्के व्याजाने साठवले, तर त्याच वीस वर्षांत त्याच्यापाशी सुमारे एक कोटी चाळीस लाख रुपये जमतात, शिवाय वडिलांचे घर आहेच. दुसऱ्यापाशी अखेरीस उरतात त्या दोन खोल्या. दोघांची बुद्धी सारखी, कष्ट सारखे, पगारपत्रक सारखे. फरक पडला तो जन्माने. पण मेळाव्यात पहिल्याचे कौतुक ‘त्याने नीट नियोजन केले’ असे होते आणि दुसऱ्याची बायको ‘आपल्यालाच जमले नाही’ असे म्हणत घरी परतते. नशिबाला कर्तबगारी आणि अन्यायाला नालायकी म्हणण्याची ही सवय समाजाच्या हाडीमांसी खिळली आहे.

जी गोष्ट घराची, तीच निवृत्तिवेतनाची. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक झालेल्या शासकीय सेवकाला जुने निवृत्तिवेतन लागू आहे. त्या दिवसापासून पुढे लागलेल्यांसाठी अंशदानाची योजना आली. एकाच शिक्षकखोलीत शेजारी बसणाऱ्या, तोच धडा शिकवणाऱ्या दोघांच्या म्हातारपणात अशी एका तारखेने भिंत उभी राहिली. एकाला बचतीची फारशी चिंता नाही, म्हणून तो आज सढळ हाताने खर्च करू शकतो. दुसऱ्याला प्रत्येक रुपयामागे उद्याचे भय आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यातील सरकारी व निमसरकारी कर्मचाऱ्यांनी याच प्रश्नावर संप केला, तेव्हा दोन शेजाऱ्यांमधली अबोल तुलना रस्त्यावर आली आणि शासनाला तिची दखल घ्यावी लागली.

गिरणगावाचा इतिहास याहून कठोर आहे. परळ-लालबागच्या एकाच चाळीत, एकाच गॅलरीत वाढलेली दोन मुले डोळ्यांपुढे आणावीत. एकाचे वडील राष्ट्रीयीकृत बँकेत, दुसऱ्याचे गिरणीत साच्यावर. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संपाचा शेवट असा झाला की हजारो कामगारांना गिरणीचे दार पुन्हा दिसले नाही. बँकेतल्या गृहस्थाचा मुलगा पदवीधर झाला. साच्यावरच्या कामगाराचा मुलगा शाळा सोडून मिळेल त्या कामाला लागला. पुढे गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनींचा एक तृतीयांश भाग सार्वजनिक घरांसाठी आणि एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी देण्याची तरतूद केली होती. २००१ साली ती वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती आक्रसली गेली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. आज त्या चाळीतले दोन सोबती भेटले, तर त्यांच्यातील अंतर हे दोन स्वभावांतील अंतर असते काय? एका संपाने, एका नियमाने आणि एका दुरुस्तीने घातलेले हे अंतर आहे.

राज्यसंस्थेने हे अंतर कमी करण्याचे प्रयत्नही केले होते, याचा विसर पडू नये. मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या संपत्तीवरील इस्टेट ड्युटी १९५३ साली आली. संपत्तीकर १९५७ साली आणि देणगीकर १९५८ साली आला. इस्टेट ड्युटी १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना रद्द झाली. देणगीकर १९९८ साली आणि संपत्तीकर २०१५ साली गेला. आता वडिलांकडून मुलाकडे कोट्यवधींची मालमत्ता गेली तरी त्या संक्रमणावर केंद्राचा कर नाही. नोकरदाराच्या वेतनावरील प्राप्तिकराचा कमाल दर तीस टक्के आहे. शेअर बाजारातील दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा दर, जुलै २०२४ मध्ये वाढवल्यानंतरही, साडेबारा टक्के आहे. साबणाच्या वडीवरचा कर मात्र दोन्ही मित्र सारखाच भरतात.

या करांच्या विरोधात जे बोलले गेले, ते सारेच खोटे नव्हते. इस्टेट ड्युटीतून वर्षाकाठी जेमतेम वीस कोटी रुपये मिळत आणि वसुलीचा खटाटोप मोठा होता. तिचा कमाल दर पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत नेल्यामुळे बेनामी व्यवहारांना आणि कागदोपत्री विश्वस्तनिधींना ऊत आला होता. मध्यमवर्गीय विधवेला राहत्या घरासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत आणि खरे धनिक निसटून जात. परंतु कायद्याला भोके पडली असतील तर भोके बुजवावीत, कायदाच मोडीत काढू नये. राहते घर, शेतीचा छोटा तुकडा आणि आयुष्यभराची बेताची पुंजी यांना पूर्ण सूट देऊन केवळ अवाढव्य वारशांवर माफक दराचा कर बसवणे अशक्य नाही. मित्राच्या दुसऱ्या फ्लॅटवर डोळा ठेवण्याची त्यासाठी गरजच नाही. जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या पॅरिस येथील संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशातील वरच्या एक टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती होती. शाळासोबत्यांमधला सधन गणला जाणारा मित्रही त्या शिखरापासून बहुधा दूरच असतो. त्याचीही झोप त्याहून मोठ्या शेजाऱ्याकडे पाहून उडालेली असते. मित्र हा वर्गशत्रू नव्हे. त्याच्याविषयीच्या असूयेने समाजवाद येत नाही. फक्त मैत्री जाते.

तुलनेची दुसरी बाजू याहून अवघड आहे, कारण ती स्वतःवरच उलटते. जो कारकून मित्राच्या बंगल्याकडे पाहून खिन्न होतो, तो आपल्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईच्या घराकडे पाहत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०२२-२३ च्या सर्वेक्षणानुसार शहरी भागातील दरडोई सरासरी मासिक खर्च ६,४५९ रुपये होता, ग्रामीण भागातील ३,७७३ रुपये. म्हणजे शहरातल्या चार माणसांच्या सरासरी कुटुंबाचा महिना पंचवीस-सव्वीस हजारांत निघत होता. शहरातील सर्वांत वरच्या पाच टक्के लोकांचा दरडोई खर्च २०,८२४ रुपये होता. खेड्यातील सर्वांत खालच्या पाच टक्क्यांचा १,३७३ रुपये, म्हणजे दिवसाला शेहेचाळीस रुपयांहूनही कमी. स्वतःला ‘साधा मध्यमवर्गीय’ म्हणवून घेणाऱ्या अनेक कुटुंबांनी हे आकडे आपल्या वहीशेजारी ठेवून पाहावेत. मेळाव्यात आपण तळाला होतो असे ज्यांना वाटले, त्यांतले कित्येक जण देशाच्या रांगेत बरेच पुढे उभे असल्याचे आढळेल. आपल्या घराच्या ओढाताणीचे दुःख त्यामुळे खोटे ठरत नाही. पण त्याला प्रमाण येते. आणि घरकामाच्या बाईने पाचशे रुपये वाढवून मागितले असता कपाळाला आठी घालण्याचा अधिकार उरत नाही.

घरखर्चाची तुलना चव्हाट्यावर कशी आणावी, याचा धडा समाजवादी चळवळीला नवा नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये अविश्वासाच्या ठरावावर लोकसभेत बोलताना डॉ. राममनोहर लोहिया यांनी देशातील सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर गुजराण करतात असे ठासून सांगितले आणि पंतप्रधानांवर दररोज पंचवीस हजार रुपये खर्च होतो या आपल्या आरोपाशी त्याची सांगड घातली. पंडित नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. वादाचे मर्म असे की पंधरा आणे ही सरासरी होती. तिच्यात राजेरजवाडे आणि गिरणीमालक यांचाही समावेश होता. सरासरीच्या पडद्याआड गरिबाचे ताट झाकले जाते, हे लोहियांनी देशाला दाखवले. त्यांनी कोणा गरिबाला ‘तुझ्या शेजाऱ्याकडे पाहू नकोस’ असे सांगितले नाही, किंवा शेजाऱ्याचा द्वेष करायलाही शिकवले नाही. दोन घरांचे हिशेब त्यांनी संसदेच्या मेजावर शेजारी शेजारी ठेवले. किमान आणि कमाल उत्पन्नात एकास दहाहून अधिक अंतर नसावे, हा चळवळीचा आग्रह त्याच विचारातून आला होता. आज केवळ खर्चाचेच प्रमाण, आणि तेही अतिश्रीमंतांपर्यंत नीट न पोहोचणाऱ्या पाहणीत, एकास पंधरा दिसते.

हा विषय कार्यकर्त्याच्या स्वतःच्या उंबरठ्याशीही येऊन थांबतो. अनेक पूर्णवेळ कार्यकर्त्यांची घरे शिक्षिका किंवा परिचारिका असलेल्या पत्नीच्या पगारावर चालली. सभांत त्यागाचे कौतुक त्याचे झाले. महिनाअखेरीस डबे खरवडण्याचे काम तिने केले. कालचा चळवळीतला सोबती आज शिक्षणसंस्थेचा चालक किंवा कारखान्याचा संचालक होऊन मोटारीतून जातो, तेव्हा तुलना तिच्या मनात येणारच. तिला ‘तू ध्येयवादी नाहीस’ असे उत्तर देणे हा क्रूरपणा आहे. मुलाने महाविद्यालयाच्या शुल्काविषयी विचारले असता त्याला साने गुरुजींचे दाखले ऐकवणे ही तर गुरुजींचीच विटंबना होय. गरिबीचे उदात्तीकरण ही समाजवादाची शिकवण कधीच नव्हती. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदी कलावंतांच्या नाट्यप्रयोगांतून उभ्या राहिलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीने पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देण्याची जी वाट घातली, तिच्यामागे हीच जाण होती: कार्यकर्त्याच्या घरची चूल ही चळवळीची जबाबदारी आहे, त्याच्या बायकोची एकटीची नव्हे. पक्षाच्या प्रत्येक शाखेने आपल्या कार्यकर्त्यांचा विमा, आजारपण आणि मुलांचे शिक्षण यांचा हिशेब वर्षातून एकदा तरी मांडला पाहिजे. स्वतःच्या कुटुंबात विषमतेचा भार एकट्या स्त्रीवर टाकणाऱ्यांना समाजापुढे समतेची भाषा करता येणार नाही.

घरातही वही उघडी हवी. मिळकत किती, कर्ज किती, कशासाठी आणि कोणाच्या संमतीने, हे नवरा-बायकोने आणि जाणत्या मुलांनी एकत्र बसून पाहावे. ज्या घरात आकडे झाकलेले असतात, तिथे तुलना विषासारखी पसरते. ज्या घरात ते मोकळेपणाने मांडले जातात, तिथे ‘आपल्याला हे परवडत नाही’ हे वाक्य लाज न वाटता उच्चारता येते. मित्रमंडळींतही हे करता येईल. मेळाव्याची वर्गणी सर्वांत ओढग्रस्त सोबत्याला झेपेल एवढीच ठेवावी; सधन मित्रांनी जादा भार उचलावा, पण नावांची यादी न वाचता.

या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सार्वजनिक सोयी. एक पिढीमागे कारकुनाचा मुलगा आणि व्यापाऱ्याचा मुलगा पुष्कळ गावांत एकाच जिल्हा परिषदेच्या शाळेत जात, एकाच एस. टी.ने तालुक्याला येत आणि एकाच सरकारी दवाखान्यात सुई टोचून घेत. खिशांत अंतर होते. पण ते आयुष्यात उतरायला वेळ लागत असे. आज शाळा, दवाखाना आणि प्रवास या तिन्ही ठिकाणी पैशागणिक दारे वेगळी झाली आहेत. म्हणूनच मित्राची श्रीमंती पूर्वीपेक्षा अधिक बोचते: त्याच्या पैशाने त्याच्या मुलाला चांगला शिक्षक मिळतो, याच्या मुलाला मिळत नाही. ही बोच काढण्याचा उपाय मित्राएवढे कमावणे हा नव्हे, कारण सर्वांना ते शक्य नाही. गावची शाळा आणि सरकारी दवाखाना अशा तोडीचे करणे, की मित्रालाही तिथे आपले मूल घालावेसे वाटावे, हा खरा उपाय आहे. त्यासाठी लागणारा पैसा कोठून आणायचा, याचे उत्तर वारशाच्या आणि नफ्याच्या हिशेबात सापडते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण कुटुंबाच्या शहाणपणाची आहे आणि त्या मर्यादेत ती खरीही आहे. ऋण काढून सण करणाऱ्याला चळवळ वाचवू शकत नाही. परंतु कोणाला अंथरूण अपुरे का मिळाले आणि कोणाला गाद्यांवर गाद्या का मिळाल्या, हे विचारायला त्या म्हणीने मनाई केलेली नाही. यंदाच्या मेळाव्यातून परतणाऱ्या कार्यकर्त्याने त्या रात्री गप्प बसू नये. घरची वही उघडून तो प्रश्न आधी घरात विचारावा आणि मग शाखेच्या बैठकीत मांडावा.